उजवीकडे वीस फेरे

वर्लिन उनरू दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा त्याचं म्हणणं एकच होतं, की प्रश्न कुणा गाढवाने काढलेत. एकोणसाठ वर्षांचा माणूस, त्यातली एकतीस वर्षं टॅल्बर्ग गावाचं पाणी सांभाळण्यात गेलेली. कॅन्सासच्या सपाट माळावर आधी पाण्याची टाकी दिसायची आणि मग गाव, आणि त्या टाकीखालचा प्रत्येक पाइप वर्लिनने कधी ना कधी हाताने चाचपलेला. नळाच्या तोंडावर अंगठा दाबून तो दाब सांगायचा. मागाहून मीटर लावला तर दोन-चार पौंडांचाच फरक निघायचा. असल्या माणसाला सरकार म्हणे शंभर प्रश्नांचा पेपर घालणार, आणि सत्तरच्या खाली मार्क पडले तर पाण्याला हात लावू देणार नाही. चुलीत घाला म्हणावं तुमचा पेपर.

पण पेपर काही चुलीत गेला नाही. जुन्या माणसांना मिळालेली सूट संपली होती. गावाचं पाणी ज्याच्या हवाली, त्याच्याकडे प्रमाणपत्र हवंच, असं राज्याने लेखी कळवलं होतं. पाणी-मंडळाचा अध्यक्ष गेलन फ्रीसन, तो दाणा-खताचा दुकानदार, त्याने वर्लिनला दुकानात बोलावून पोत्यावर बसवलं आणि सांगितलं, की फेब्रुवारीत तिसरी आणि शेवटची परीक्षा. पास झालास तर खुर्ची तुझी. नाही झालास तर एक मार्चपासून रोंडा बघेल सगळं, आणि तू तिच्या हाताखाली राहायचं की घरी बसायचं ते तुझं तू ठरव.

रोंडा म्हणजे रोंडा प्राथर, गावातले मीटर वाचणारी. ती पहिल्याच झटक्यात पास झाली होती, अठ्ठ्याऐंशी मार्कांनी. वर्लिनच्या घशाखाली हेच उतरत नव्हतं. नऊ वर्षं ती त्याच्या हाताखाली होती आणि नऊ वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. ए मीटरवाली, एवढंच. कोळ्यांची जाळी भरलेले मीटरचे खड्डे तिच्या वाट्याला, तुटक्या दांड्याचं फावडं तिच्या वाट्याला. पाइप फुटला की तिने मागे उभं राहून बॅटरी धरायची आणि तोंड बंद ठेवायचं. आता गेलनने वर आणखी मीठ चोळलं: रोंडानेच याची तयारी करून घ्यायची, रोज संध्याकाळी एक तास, पंपहाऊसमध्ये.

पहिल्या दिवशी ती पुस्तक घेऊन आली आणि बसायच्या आधीच बोलली. "मी हे काम आनंदाने घेतलेलं नाही, आणि मी ते आनंदाने करणार नाही. पण फुकट तर मुळीच करणार नाही. एक धडा माझा, पाच व्हॉल्व्ह तुमचे."

ते पाच व्हॉल्व्ह काय, हे वर्लिनला बरोबर कळलं. गावाच्या पाइपांचा नकाशा त्र्याण्णवच्या पुरात ऑफिसबरोबर वाहून गेला होता. त्यानंतर कुठला व्हॉल्व्ह कुठल्या झाडापासून किती पावलांवर, किती फेऱ्यांत बंद होतो, हे सगळं एकाच जागी होतं: वर्लिनच्या शर्टाच्या खिशातल्या, रबर लावलेल्या तपकिरी वहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती वही होती म्हणून मंडळाने त्याला दोनदा नापास होऊनही ठेवलं होतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

"घे," तो म्हणाला. "पण धडा धड शिकवलास तर."

मग महिनाभर ती दोघं एका टेबलाच्या दोन टोकांना बसून एकमेकांचा जीव खात राहिली. पुस्तकात प्रश्न असायचा, की रस्त्यात पाणी फुटल्याची वर्दी आली तर पोचल्यावर पहिलं काम कोणतं. वर्लिनचं उत्तर, पाणी बंद करायचं, आणखी काय. पुस्तकाचं उत्तर, आधी रस्त्यावर खुणेचे नारिंगी प्लॅस्टिकचे कोन लावून गाड्या वळवायच्या. एकतीस वर्षांत माझ्या अंगावरून एकही गाडी गेली नाही, असं तो म्हणाला. ती म्हणाली, गेली असती तर बरं झालं असतं, मला हा धडा शिकवावा लागला नसता. पाच फुटांहून खोल खड्ड्याला आधाराच्या फळ्या लावाव्या लागतात, यावर तो हसला. आपण आठ फुटी खड्ड्यात उभं राहून डबा खाल्लाय म्हणाला. "पेपरात असं लिहिलंत तर नापास," ती म्हणाली, "आणि खड्ड्यात असं केलंत तर मेलात. मला दोन्ही चालेल, पण मंडळाला पहिलं चालत नाही."

आकडेमोडीत तर त्याची बोबडी वळायची. एक पौंड दाब म्हणजे दोन पूर्णांक एकतीस शतांश फूट उंचीचं पाणी, हे त्याच्या अंगठ्याला माहीत होतं पण पेन्सिलीला नव्हतं. ती तेच गणित पंधरा-पंधरा वेळा घालायची, आवाज न चढवता, आणि त्या न चढलेल्या आवाजाचाच त्याला जास्त राग यायचा. मास्तरीणबाई, तो म्हणायचा. ती म्हणायची, पुन्हा करा. खरं सांगायचं तर बाई प्रामाणिकपणे शिकवत होती. तो नापास झाला तर खुर्ची तिची, हे उघड असताना एकही धडा तिने वाकडा शिकवला नाही. वर्लिनला हे दिसत होतं आणि त्यामुळे त्याचा तिळपापड होत होता, कारण तिने दगाफटका केला असता तर त्याला स्वतःच्या दगाफटक्याचं एवढं वाटलं नसतं.

कारण त्याने केला होता. झाडं, पावलं, फेरे, सगळं त्याने खरं दिलं. दिली नाही ती दिशा. रुळांच्या पलीकडचं नवं गाव जगाच्या रीतीने चालायचं: व्हॉल्व्ह डावीकडे फिरवला की उघडतो, उजवीकडे बंद. पण रुळांच्या अलीकडे जुनं गाव, तिथले शंभर वर्षांपूर्वीचे व्हॉल्व्ह नेमके उलटे. ते उजवीकडे उघडायचे आणि डावीकडे बंद व्हायचे. असले पंधरा होते, आणि फिरवताना तो नेहमी पाठ आड करायचा, म्हणून ही गोष्ट आता जगात एकट्या वर्लिनला माहीत होती. रोंडाने विचारलं होतं, नाही असं नाही. वहीतलं सांगताना दिशा का नाही सांगत, कुठल्या बाजूला बंद होतात?

"पुस्तकात काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"उजवीकडे बंद."

"मग पुस्तक खोटं बोलेल का?"

तिने तसंच लिहून घेतलं. आपण खोटं काहीच बोललो नाही, असं वर्लिनने घरी जाताना स्वतःला सांगितलं. घरी सांगायला दुसरं कुणी नव्हतंच. त्याची बायको लोर्ना जाऊन चार वर्षं झाली होती. ती असती तर तिने जेवायला वाढता वाढता एकच वाक्य बोलून त्याला गप्प केलं असतं, आणि ते वाक्य बहुधा नळाबद्दल असतं. त्यांच्या सीडर गल्लीला गावात सगळ्यात बारीक धार. उन्हाळ्यात पीच बरण्यांत भरायचे तेव्हा लोर्ना मोठं इनॅमलचं पातेलं नळाखाली लावायची आणि रेडिओवर धान्याचे भाव सुरू होऊन संपायचे तरी ते भरायचं नाही. पाहुण्यांसमोर म्हणायची, गावाच्या पाण्याचा मालक माझ्या घरात आणि माझ्या नळाला करंगळीएवढी धार. पाइप जुने आहेत, त्याला मी काय करू, हे वर्लिनचं ठरलेलं उत्तर. एकदा ती फारच मागे लागली, एकदा बघा तरी म्हणाली, तेव्हा तो असा ओरडला की पुढे तिने विषय काढला नाही. आदल्या दिवशीच पातेलं भरून ठेवायला लागली.

परीक्षेच्या आदल्या रात्री पारा शून्याखाली पार बुडाला. असल्या थंडीत जुने लोखंडी पाइप हमखास फुटतात, हे कळायला प्रमाणपत्र लागत नाही. सकाळी वर्लिन साठ मैल गाडी हाकत शहरात गेला. परीक्षेची जागा म्हणजे केस कापायच्या दुकानाशेजारची एक खोली, आत ओळीने कॉम्प्युटर. दहा वाजता आत सोडणार होते. नऊ चाळीसला तो बाहेरच्या खुर्चीत कॉफी पीत बसला असताना खिशात फोन वाजला. रोंडा.

त्याने उचलला नाही. फोन थांबला आणि मेसेज आला: चर्चमागची आठ इंची लाइन फुटली. चर्चजवळचा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरतच नाही. आधीच बंद आहे का? जोर लावू?

वर्लिनने तो मेसेज दोनदा वाचला. तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता, आणि उजवीकडे म्हणजे आणखी उघडायला तो फिरणार कुठून. जोर लावला तर आतली दांडी मोडणार. दांडी मोडली की व्हॉल्व्ह उघडाच अडकणार, मग टाकी रिकामी होईपर्यंत रस्त्यावर पाणी, आणि सगळं गाव दोन दिवस कोरडं. आणि मोडणार कुणाच्या हातून? अठ्ठ्याऐंशी मार्कवालीच्या. एक शब्द टाइप केला असता तरी पुरे होतं. फोन पुन्हा वाजला, मग तिसऱ्यांदा. टेबलामागची मुलगी म्हणाली, आजोबा, फोन आता कपाटात ठेवा. अजून पंधरा मिनिटं होती. त्याने फोन बंद केला, वहीसकट कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

पेपर सोपा गेला, हेही त्याला खटकलं. कोनांचा प्रश्न आला, त्याने कोन लावले. खड्ड्याला फळ्या लावल्या. गणितं तिच्या त्या सपाट आवाजात डोक्यात आपोआप सुटत गेली. त्रेपन्नावा प्रश्न होता, की अनोळखी व्हॉल्व्ह फिरवायचा झाला तर कुठल्या दिशेने फिरवावा: डावीकडे, उजवीकडे, जिकडे सहज फिरेल तिकडे, की आधी त्या गावच्या नोंदी पाहून ठरवावं. वर्लिन त्या प्रश्नासमोर बराच वेळ बसला. त्याच्या गावच्या नोंदी बाहेर कपाटात होत्या आणि किल्ली त्याच्या मांडीला टोचत होती. त्याने बरोबर उत्तरावर खूण केली आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

एकाहत्तर मार्क. मुलीने कागद छापून दिला, अभिनंदन म्हणाली. कपाटातून फोन काढला तर ते तीन फोन सोडून काहीही नव्हतं. त्या तिसऱ्या फोननंतर तिने एकदाही विचारलं नव्हतं. परतीच्या साठ मैलांत हे न विचारणंच त्याला खात राहिलं. अर्धं मन म्हणत होतं, मोडला असेल, बरं झालं, बसू दे भोगत. उरलेलं अर्धं मन चर्चशेजारच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमातले कोरडे नळ मोजत होतं.

गावात शिरला तेव्हा तीन वाजले होते. चर्चमागे रस्ता खणून बुजवलेला, कडेला बर्फाचा थर, चारी बाजूंनी खुणेचे कोन नीट लावलेले. पाणी कुठेच नव्हतं. चर्चजवळच्या व्हॉल्व्हचं झाकण लालभडक रंगवलेलं होतं. पुढच्या कोपऱ्यावरचंही. शाळेजवळचंही. वर्लिनने गाडी हळू केली. जुन्या गावात जिथे-जिथे त्याचं गुपित जमिनीत पुरलेलं होतं, तिथे-तिथे ताजा लाल रंग होता. उलटा फिरणारा व्हॉल्व्ह लाल रंगवायचा, ही धंद्यातली रीतच आहे. एकतीस वर्षांत त्याने ती पाळली नव्हती.

रोंडा पंपहाऊसमध्ये होती. मांडीपर्यंत गोठलेला चिखल, बोटांवर लाल रंग, आणि हातात कोबी-खिमा भरलेला गार झालेला पाव. नोंदवही समोर उघडी होती. तिने मान वर केली नाही.

"पास?"

"एकाहत्तर."

"पोटापुरते," ती म्हणाली आणि पाव खाली ठेवला. "मी पहिला फोन नऊ चाळीसला केला. तुम्ही आत गेलात दहाला."

वर्लिन हातमोजे काढायला लागला.

"व्हॉल्व्ह फिरवायच्या चावीच्या दांड्यावर मी पाइप चढवला होता, जोर द्यायला. चढवला आणि काढला. चावीला कान लावला. आत पाणी धो-धो जात होतं. बंद व्हॉल्व्हमधून पाणी जात नाही, वर्लिन. मग डावीकडे फिरवला. बावीस फेरे, गपचूप बंद झाला."

"कान लावायचं पुस्तकात नाही."

"नाही. नऊ वर्षं बॅटरी धरून मागे उभी होते. तुम्ही कान लावायचात ते बघत होते. तुम्हाला वाटायचं मी नुसती कुडकुडतेय." तिने नोंदवही त्याच्याकडे सरकवली. "शेजारच्या गावची माणसं मदतीला आली, पाइप लवकर दुरुस्त झाला. मग जुन्या गावातले सगळे तपासले. चौदा उलटे निघाले."

"पंधरा," वर्लिनच्या तोंडून निघून गेलं.

"चौदा. सीडर गल्लीच्या कोपऱ्यावरचा सुलटा आहे. तो नवा बसवलाय कुणीतरी."

चौऱ्याण्णव साली बसवला होता. बाहेरच्या ठेकेदाराची माणसं, गळका जुना काढून नवा टाकून संध्याकाळी निघून गेली. तो उघडायला वर्लिन स्वतः गेला होता. नोकरीचं दुसरं वर्ष, नुकतंच लग्न, त्याच गल्लीत नुकतंच घेतलेलं घर. आत्ताही तो म्हणाला, तो व्हॉल्व्ह उघडा आहे, मी माझ्या हाताने उघडलाय, वहीत लिहिलंय. उजवीकडे वीस फेरे.

"हो," रोंडा म्हणाली. "वीसच निघाले. डावीकडे. कान लावला तर आत चिडीचूप होतं. तुम्ही तो जुन्यासारखा उलटा समजून उजवीकडे फिरवलात. उघडला नाहीत, बंद केलात. तुमच्या गल्लीला तेव्हापासून मागच्या बाजूच्या दोन इंची पाइपातून पाणी येतंय." ती उठली, हातमोजे घेतले. "गंज निघून जाईस्तोवर कोपऱ्यावरचा आगीच्या बंबाचा नळ सोडला होता. आता स्वच्छ आहे. घरी जा आणि नळ सोडा. हळू सोडा."

ती बाहेर सामान उचलायला गेली. नोंदवहीत तिने सगळं लिहिलं होतं, वेळेसकट, नऊ चाळीसचा फोनही. सोमवारी मंडळाच्या बैठकीआधी गेलन ही वही पानन् पान वाचायचा. एकाहत्तर मार्कांचा कागद एकीकडे आणि हे पान एकीकडे. वर्लिनने ते पान फाडलं, घडी घालून शर्टाच्या खिशात तपकिरी वहीच्या शेजारी कोंबलं आणि घरी निघाला. सटवी मेली, तो गाडीत मोठ्याने म्हणाला. माझ्या गल्लीचं मला सांगते.

स्वयंपाकघरात शिरला तो बूटही न काढता. तिने हळू म्हटलं म्हणूनच त्याने नळ पूर्ण सोडला. पाणी असं आदळलं की कपबशीतला चमचा उडून फरशीवर पडला आणि त्याचा शर्ट छातीपर्यंत भिजला. त्याने नळ बंद केला. मग वरच्या फळीवरून लोर्नाचं इनॅमलचं पातेलं काढलं, त्यातली धूळ पुसली आणि नळाखाली लावलं. घड्याळाकडे बघत राहिला. दीड मिनिटात ते काठोकाठ भरून सांडायला लागलं. त्याने ते ओतलं आणि पुन्हा भरलं. तेवढाच वेळ लागला. आदल्या दिवशी पातेलं भरून ठेवणारी बाई त्याला दिसायला लागली, पाठमोरी, काही न बोलणारी. एकदा बघा तरी, एवढंच तिने मागितलं होतं, आणि कोपरा घरापासून साठ पावलांवर होता. माझंच चुकलं गं, तो म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं, आणि आपण हे किती उशिरा म्हणतोय ते त्याला कळत होतं.

पंपहाऊसला तो परत पोचला तेव्हा रोंडा दाराला कुलूप लावत होती. त्याचा भिजलेला शर्ट तिने बघितला आणि कुलूप काढलं, पण वाट सोडली नाही.

"आता काय फाडायचं राहिलंय?"

तो तिच्या बाजूने अंग चोरून आत गेला. खिशातलं ओलं पान काढून टेबलावर सरळ केलं, पाइपाला गुंडाळायची पांढरी टेप घेतली आणि ते होतं तिथे चिकटवलं. वाकडं बसलं, पण बसलं. मग खाली पेनाने लिहिलं: जुन्या गावातले चौदा व्हॉल्व्ह उलटे आहेत हे मला माहीत होतं, रोंडाला सांगितलं नाही. सकाळचे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. सीडर कोपऱ्याचा व्हॉल्व्ह मी बंद केला. वर्लिन उनरू. तपकिरी वही त्याने रबरासकट त्या पानावर ठेवली.

रोंडाने उभ्या उभ्या वाचलं. तिचा चेहरा जरासुद्धा मऊ झाला नाही, आणि तो व्हावा अशी त्याचीही अपेक्षा नव्हती.

"कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलं नाहीत," ती म्हणाली. "नोंदीत तारीख लागते. तिसरा धडा."

वर्लिनने पेन पुन्हा उचललं आणि लिहिलं, १९९४ पासून आजपर्यंत.